बोंडल्याला जाताय? दुपार निसर्ग केंद्रासाठी ठेवा

गोव्यातलं बोंडला अभयारण्य जेमतेम ८ चौरस किलोमीटरचं. फोंड्याहून उसगाव तिस्कापर्यंत बस मिळते. पुढे स्वतःचं वाहन नसेल तर टॅक्सी ठरवा, आणि परतीचंही तिथेच बोलून घ्या. गुरुवारी बंद असतं, हे घरून निघण्याआधीच लक्षात ठेवा.

मुलं आणि सासूबाईंना घेऊन पावसाळा सरता सरता आम्ही गेलो. गेल्या गेल्या प्राणिसंग्रहालय बघून घ्यावं. ऊन चढलं की गवे सावली धरतात, आणि पोरं "हालत का नाही तो?" म्हणून भुणभुण लावतात. नेमक्या त्याच वेळी निसर्ग केंद्रात शिरावं. बहुतेक कुटुंबं प्राणी पाहून डबे उघडतात नि परततात. केंद्राकडे वळणारे थोडेच.

वाटेत कुंपणावर एक वेल दिसली. सासूबाई मूळच्या सत्तरी तालुक्यातल्या. "अगो, ही कवंडळं! चवथीला माटोळीला बांधतो ती." माटोळी म्हणजे गणेशचतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांनी सजवलेली लाकडी चौकट. मग काय, बेडे, घागऱ्या, मावळिंग, माटोळीतल्या एकेका फळाची गोष्ट निघाली. कुठलं रान, कुठल्या महिन्यात पिकतं, कडू कुठलं. आमची मुलं सोडाच, शेजारच्या घोळक्यातली अनोळखी पोरंही त्यांच्याभोवती जमली. माहितीच्या फलकाची छपाई कितीही देखणी असो, अशी गर्दी त्याच्याभोवती मी कधी पाहिलेली नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे: निसर्गाच्या कुठल्याही संग्रहालयाने भाद्रपदात माटोळी बांधावी. प्रत्येक फळाखाली कोकणी-मराठी नाव, झाडाचा फोटो, आणि रविवारी शेजारी गावातली एक जाणती आजी. चवथीला घरोघरी टांगलेलं यातलं बरंचसं रानातून येतं, हे शहरात वाढलेल्या मुलांना कोण सांगणार? पर्यटक येतीलच, पण आधी फोंडा-डिचोलीची माणसं यायला हवीत. शिवाय बसायला बाक हवेत, पंख्याखाली. वयस्कर माणूस उभ्याने किती वाचणार?

खाऊ पिशवीबाहेर काढू नका, माकडं हातातून ओढून नेतात. पावसात जळवा असतात, मिठाची पुडी ठेवा. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि घरी आल्यावर गोचिडी तपासा. सत्तरीत २०१५ मध्ये माकडताप पसरला होता, तो गोचिडींतूनच येतो.