येऊरला बेडूक ऐकायला गेलो होतो

जूनचा पहिला दणदणीत पाऊस पडला त्या रात्री ऑफिसमधल्या मित्राचा फोन, तो ठाण्याजवळच्या येऊरमधल्या पाटोणापाड्याचा, म्हणाला पिवळे निघालेत बघ, येतोस का. मी लगेच बाईक काढली, उपवनच्या पुढे चढ लागला आणि चिखलाच्या वासाने एकदम मस्त वाटलं.

पोचल्यावर त्याचा पहिला प्रश्न, बूट धुवून आलायस का? मला वाटलं घर खराब होईल म्हणून विचारतोय. तर बेडकांच्या कातडीला लागणारी एक बुरशी असते, कायट्रिड, ती एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात चिखलाच्या बुटांनीही जाते म्हणे. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणीही तिथूनच पितो, त्यामुळे कातडी बिघडली की संपलाच. आणि गटारातलं केमिकल असो की शेतातली फवारणी, तेही सगळं आत. अंगणातल्या नळावर बूट घासले गपचूप.

मागच्या खाचरात आठ-दहा नर होते, हळदीने माखल्यासारखे पिवळेधम्मक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, एरवी हाच बेडूक मळकट हिरवा असतो आणि हा रंग पावसाच्या पहिल्या काही दिवसांपुरताच. मी नुसता बघत राहिलो यार. टाकीच्या भिंतीवर साबणाचा फेस चिकटल्यासारखं काहीतरी होतं, ते झाडबेडकाचं घरटं, पिल्लं त्यातून खाली पाण्यात पडतात. खाली पाणी हवं मात्र, आणि तेही काही आठवडे टिकणारं. मित्राचे काका म्हणाले, "पलीकडंपण खाचरंच होती, आता बंगले झाले, अंगणात फरशी, पाणी थांबणार कुठं?" पूर्वी तर याच पिवळ्या बेडकांचे पाय परदेशात जायचे, १९८७ मध्ये निर्यातीवर बंदी आली. मारायला बंदी करता येते, डबकं बुजवायला कोण अडवणार.

आवाज रेकॉर्ड करायला मोबाईल काढला तर दहा मिनिटांत कुठल्यातरी पार्टीचा डीजे सुरू. नर ओरडतो ते मादीला बोलवायला, आता तिला ऐकू काय जाणार? वर एका खेळायच्या टर्फचे लाइट, झाडांवर दिवसासारखा उजेड. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलकीचा रिमिक्सच जास्त आहे.

निघताना मित्र बॅटरी घेऊन रस्त्यापर्यंत आला आणि तिथे कळलं. डांबरावर चपटे झालेले बेडूक, सात मोजले मी फाटकापर्यंतच. पावसात ते रस्ता ओलांडून पाण्याकडे निघतात आणि हेडलाइट डोळ्यावर आला की जागीच बसतात. मी येताना चांगला साठच्या स्पीडने आलेलो, पाऊस अंगावर घेत, गाणी म्हणत. त्यातला एखादा माझा असणारच. मित्र काही बोलला नाही, नुसती बॅटरी धरली.

खालपर्यंत बाईक ढकलत नेली, तो पुढे बॅटरी घेऊन. मध्ये दोनदा थांबलो, एक छोटासा भेक वाटेतून हलायलाच तयार नव्हता.