पाणी कोण भरायचं?

हाँगकाँगच्या सहलीत एक दिवस मोकळा असतो. त्या दिवशी बहुतेक मंडळी डिस्नेलँडला जातात. ज्यांना पाळण्यात बसायचं नसतं अशा ज्येष्ठांना कुठं न्यायचं, हे माझ्यासारख्या टूर मॅनेजरवर सोडलेलं असतं. कार्यालयाचा सल्ला ठरलेला आहे: मॉलमध्ये सोडा. मला तो पटत नाही. आयुष्यभर पै पै साठवून आलेल्या माणसाला एसीत बाकावर बसवून ठेवायचं, यासाठी त्याने पैसे भरलेले नसतात.

म्हणून मी त्यांना तुएन मा लाइनने नेते. 2021 मध्ये ही मेट्रो लाइन पूर्ण सुरू झाली आणि माझं काम सोपं झालं. तिन शुई वाईला उतरलं की पिंग शानची जुनी गावं, आणि तिथून गाडी न बदलता थेट डायमंड हिलची नान लियान बाग. ज्येष्ठांच्या गटात गाडी बदलण्याइतकं जोखमीचं काम दुसरं नाही. दार बंद होतं, नवरा आत आणि बायको फलाटावर. म्हणून सकाळीच सगळ्यांकडून वदवून घेते, "चुकलो तर आहे तिथंच थांबायचं, शोधत फिरायचं नाही." दुसरी गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने आपल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन बसतात. त्यामुळे वाटेतलं प्रत्येक स्वच्छतागृह मला पाठ असतं, आणि ते मी आधीच जाहीर करते.

त्या दिवशीच्या गटात सोलापूर जिल्ह्यातल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. बोलायच्या कमी, पण प्रत्येक पाटीपुढे थांबून ती पूर्ण वाचायच्या.

पिंग शान हे तांग कुळाचं ठाणं. 1993 मध्ये इथं हाँगकाँगमधला पहिला वारसामार्ग आखला गेला. सुरुवातीलाच त्सुई सिंग लाउ हा हिरवट विटांचा षट्कोनी मनोरा लागतो. सहाशे वर्षांहून जुना, आज तीन मजल्यांचा. अशुभ शक्ती दूर राहाव्यात, पूर येऊ नये आणि कुळातली मुलं राजदरबारच्या परीक्षांत चमकावीत म्हणून तो बांधला, असं सांगतात. फोटो झाले. मग शेउंग चेउंग वाई हे तटबंदीचं गाव, आणि त्याच्या पुढे विहीर.

या विहिरीशी बहुतेक गट दोन मिनिटंही थांबत नाहीत. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर पाहिलेल्या माणसाला ती अगदीच लहान वाटते. पायऱ्या नाहीत, मोट नाही, कमान नाही. ती शेताची विहीर नव्हेच, पिण्याच्या पाण्याची आहे. हांग मेई आणि हांग ताउ या दोन गावांनी ती बांधली, दोनशेहून अधिक वर्षं झाली, आणि एकेकाळी दोन्ही गावं मुख्यतः हिचंच पाणी पीत. माहिती एवढीच.

मी इथं नेहमी हाँगकाँगच्या पाण्याची गोष्ट सांगते, आणि ती चांगली सांगते असं मला वाटतं. 1963 च्या दुष्काळात या शहरात चार दिवसांतून एकदा, फक्त चार तास पाणी यायचं. 1965 पासून शेजारच्या चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून तुंगच्यांग नदीचं पाणी येऊ लागलं. आजही बहुतेक घरांत संडासाला समुद्राचं खारं पाणी वापरतात, गोडं पाणी वाचवायला. आपल्याकडच्या माणसाला हे लगेच भिडतं. टँकरमागे धावलेली माणसं असतात ती.

माझं बोलणं संपल्यावर बाईंनी विचारलं, "इथं पाणी कोण भरायचं?"

मी म्हटलं, दोन्ही गावांतले लोक.

"सगळे?" त्या म्हणाल्या. "या तांगांच्या घरी राबणारे, त्यांची जमीन कसणारे, तेसुद्धा? स्वतःच्या हाताने?"

गटातले एक काका लगेच म्हणाले, "बाई, इथं कशाला तो विषय? फिरायला आलोय आपण."

बाई त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "आमच्या आईला रहाटाला हात लावायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतेपर्यंत घागर घेऊन उभी राहायची ती. विहीर दिसली की मला आधी हेच विचारावंसं वाटतं. तुम्हाला फोटो काढावासा वाटतो, तसंच."

कुणी काही बोललं नाही. अशा वेळी टूर मॅनेजरने पाणी टाकून विषय विझवायचा असतो. "चला, चला, उशीर होतोय" हे वाक्य आमच्या प्रशिक्षणातच शिकवतात. मी तसं केलं नाही. आमची स्थानिक गाईड शेजारीच उभी होती. तिला मी बाईंचा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत सांगितला. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी घरचा हौद सगळ्यांना खुला केला आणि 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हेही सांगितलं. त्याशिवाय प्रश्नाचं वजन तिला कळलं नसतं.

ती बराच वेळ विहिरीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, इतकी वर्षं मी इथं लोकांना आणतेय, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. न्यू टेरिटरीजमधल्या, म्हणजे हाँगकाँगच्या या उत्तरेकडच्या भागातल्या, मोठ्या कुळांच्या घरी पिढीजात नोकर असत, अभ्यासकांनी ते लिहून ठेवलंय. पण या विहिरीवर त्यांना काय वागणूक होती, ते मी शिकलेल्या माहितीत नाही.

बाईंनी मान हलवली. "खरं बोलली," एवढंच म्हणाल्या.

बागेकडे जाणाऱ्या गाडीत मी मुद्दाम काका आणि बाईंच्या मधे बसले. सुंग वाँग तोई स्टेशन आलं, तेव्हा मी सांगितलं की याच्या खोदकामात 2014 मध्ये सुंग-युआन राजवटींच्या काळातली दगडी विहीर सापडली आणि काम अडलं. काका म्हणाले, "मग तीही कुणाची होती ते विचारायला हवं." टोमणा होता की मनापासून, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून तरी टोमणा वाटला नाही.

नान लियान बाग साडेतीन हेक्टरांची. थांग राजवटीच्या काळातल्या शैलीतली, पण 2006 मध्ये खुली झालेली, शेजारच्या ची लिन भिक्षुणी मठाने आणि सरकारने मिळून उभारलेली. फेरी एकाच दिशेने, उलट फिरता येत नाही. चारी बाजूंनी रस्ते आणि उंच इमारती, तरी टेकाडं आणि झाडं अशी रचलीत की वाहनं डोळ्यांआड जातात आणि डोंगर तेवढा चित्रात येतो. तारांनी आणि आधारांनी वळण दिलेले बुद्धिस्ट पाइन वृक्ष, तळ्यातला सोनेरी अष्टकोनी मंडप, त्याकडे जाणारा शेंदरी पूल. दगडांवर मी नेहमी वेळ घालवते. चीनमधल्या ग्वांगशीतल्या नदीपात्रातून आणलेले हे दगड पाण्यानेच गुळगुळीत झालेत.

बाई एका दगडाशी थांबल्या, त्याची हकीकत माझ्याकडून ऐकली आणि म्हणाल्या, "बघा, दगड कुठल्या नदीतला ते ठाऊक आहे. नीट जपलंय. चांगलंच आहे ते. तिथंही कुणीतरी एवढं लिहून ठेवायला हवं होतं."

धबधब्यामागच्या शाकाहारी उपाहारगृहात सगळे एकाच टेबलाभोवती जेवले. मध्यभागी ठेवलेला मश्रूमचा वाडगा काकांनी आधी बाईंकडे सरकवला. मी ते पाहिलं, आणि त्यावर फार काही रचायचं नाही असंही ठरवलं.

सहल संपल्यावर अभिप्रायाच्या कागदांत एक निनावी ओळ होती: "सहलीत जातीचा विषय नको होता." कार्यालयाने माझ्याकडे खुलासा मागितला. मी लिहिलं, एका प्रवासी बाईंनी त्या स्थळाबद्दल सरळ प्रश्न विचारला आणि मी तो गाईडपर्यंत पोचवला, ते माझं कामच आहे. उत्तरादाखल पुढच्या हंगामाचा कार्यक्रम आला. त्यात बाग आहे, पिंग शान नाही, आणि तिथला वेळ खरेदीला दिलाय.

एखाद्या प्रवाशाला तो विषय नको वाटला, तर तो त्याचा हक्क. पण ज्यांना हवा असतो, ते अभिप्रायाच्या कागदावर तसं लिहीत नाहीत, हे कार्यालयाला कधी कळणार? बाईंचा कागद मी पाहिला होता. सगळ्या रकान्यांत "उत्तम", शेऱ्याची जागा कोरी. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्या विहिरीवरच म्हणून झालं होतं.

मी लेखी हरकत घेतलीय. हाँगकाँगच्या गाईडलाही कळवलं. तिचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: गावातल्या म्हाताऱ्या बायकांना ती विचारणार आहे, नळ यायच्या आधी विहिरीवर कोण कोण यायचं. कार्यालयाकडून अजून काही आलेलं नाही.