ब्लॉक केलेली तारीख

गुरुवार, रात्र

आज दुपारी मेल आला, ज्या कॉन्फरन्ससाठी माझ्या तारखा ब्लॉक करून ठेवल्या होत्या ती आता त्यांची इन-हाऊस टीमच करणारे, शेवटी "पुढच्या वेळी नक्की" असं लिहिलंय. त्याच तारखांना एक प्रॉडक्ट लाँचचं काम आलं होतं, ते मी नाही म्हणून सोडलेलं, म्हणजे हेही गेलं आणि तेही गेलं. वाईट वाटलं, खरंच वाटलं.

इव्हेंटमधे फ्रीलान्सिंग करावं की नको असं कुणी विचारलं की आधी स्वातंत्र्याची चर्चा होते, बॉस नाही, हवं ते काम घ्या वगैरे. ते आहेच, पण मला विचाराल तर या धंद्यातला खरा हिशोब तारखांचा आहे. डिझायनर दोन कामं एकाच आठवड्यात रात्री जागून उरकू शकतो, इव्हेंटवाल्याला त्या दिवशी तिथे उभंच राहावं लागतं, आणि सगळ्यांचे कार्यक्रम नेमके त्याच सीझनला येतात. मग एका शनिवारी चार जण विचारतात आणि पुढचे दोन महिने फोन शांत. त्यात क्लायंटला वाटतं काम एका दिवसाचं, पण साइट व्हिजिट, व्हेंडरशी बोलणं, रनशीट (कार्यक्रमाचा मिनिटामिनिटाचा क्रम), आदल्या रात्रीचा सेटअप, रिहर्सल, शो संपल्यावर पहाटेपर्यंत डिसमँटलिंग, हे सगळं कोटेशनमधे धरलं नाही तर फी चांगली दिसते आणि हातात काही उरत नाही.

व्हेंडरच्या पैशांचंही तेच. "तुम्हीच देऊन टाका, आपण नंतर बघू" म्हणतात, म्हणजे मंडप, साउंड, लाइट सगळ्यात आपले पैसे अडकणार आणि क्लायंट साठ दिवसांनी देणार. मी आता व्हेंडरची बिलं थेट क्लायंटच्या नावाने काढायला लावते, माझी फक्त फी. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून कायदाच आहे, ठराविक रकमेच्या वरच्या कामाला फ्रीलान्सरला लेखी करार द्यायचा आणि करारात तारीख नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे. असं सगळीकडे हवं, मनापासून वाटतं.

आणि २०२० कुणीच विसरू नये. फेब्रुवारीत बार्सिलोनाची मोबाइल वर्ल्ड काँग्रेस रद्द झाली, मार्चमधे टोकियो ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं, मग जगभर सगळंच थांबलं. नोकरीत असलेल्यांपैकी निदान काहींना पगार तरी मिळत राहिला, पण रिगर (स्टेजवर लाइट, स्पीकर टांगणारे), लाइट ऑपरेटर, शो कॉलर (हेडसेटवरून सगळ्यांना "स्टँडबाय", "गो" सांगणारे) यातले कितीतरी लोक फ्रीलान्स, त्यांची पूर्ण डायरी एका आठवड्यात कोरी झाली. तेव्हापासून कुठलाही करार आला की मी आधी कॅन्सलेशनचा क्लॉज उघडते, रद्द झालं तर अ‍ॅडव्हान्स कुणाकडे राहणार, आणि तारीख जवळ येईल तसं रद्द करण्याचं शुल्क वाढतं की नाही.

तरी नोकरीकडे परत जावंसं वाटत नाही. एक तर शिकायला खूप मिळतं, दर वेळी वेगळी टीम, एकच अडचण प्रत्येक जण वेगळ्या पद्धतीने सोडवतो. आणि शोच्या वेळचं ते तर वेगळंच. मागच्या शोला हेडसेटवर मी "लाइट स्टँडबाय, व्हिडिओ स्टँडबाय" म्हणलं आणि तेवढ्यात स्टेजवर पाहुण्यांचा लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) बंद पडला, मी काही बोलायच्या आत साउंडवाल्याने बॅकस्टेजच्या मुलाला हातात धरायचा माइक घेऊन पाठवला होता, वाक्य पुरं व्हायच्या आत माइक हातात, मग "गो". समोर बसलेल्यांना काही कळलंही नाही. अशी माणसं मी स्वतः निवडू शकते, हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा आहे, कंपनीत जी टीम दिली ती घ्यावी लागायची.

म्हणूनच आजचं जास्त लागलं. मी तारीख ब्लॉक करते तेव्हा मागे साउंडवाला, लाइटवाला, बॅकस्टेजची मुलं, सगळ्यांच्या तारखा ब्लॉक होतात. मेल वाचल्यावर आधी त्यांनाच फोन केले, कारण त्यांना जितकं लवकर कळेल तितकं दुसरं काम मिळायची शक्यता. लाइटवाल्यानेही माझ्या शब्दावर एक काम सोडलं होतं, काही बोलला नाही, "ठीके ताई, बघतो" एवढंच.

आता नवीन कोटेशनचा फॉरमॅट करतेय. अ‍ॅडव्हान्स आला तरच तारीख पक्की, तोपर्यंत नुसता होल्ड. मधे दुसरा कुणी त्याच तारखेला आला तर पहिल्याला ४८ तास, कन्फर्म करा नाहीतर सोडा. आणि कन्फर्म झाल्यावर रद्द केलं तर माझ्या फीबरोबर क्रूच्या दिवसांचे पैसेही, वेगळ्या ओळीत, प्रत्येकाचं काम लिहून.