डोक्यावरून ओतलेली सिद्रा: आस्तुरियास ते बास्क

उत्तर स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांताची राजधानी ओव्हिएदो. तिथल्या कॅथेड्रलपासून चार पावलांवर गास्कोना नावाचा उताराचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना ओळीने सिद्रा पाजणारी ठिकाणं. रात्री आठच्या पुढे इथे आलं की आधी नाकाला कळतं. ओल्या फरशीचा आणि आंबलेल्या सफरचंदांचा वास येतो. मग दिसतात हात उंचावून उभे असलेले वेटर. एका हातात डोक्याच्याही वर धरलेली हिरवी बाटली, दुसऱ्या हातात मांडीपाशी तिरका धरलेला रुंद ग्लास आणि मधल्या जवळजवळ मीटरभर अंतरातून पडणारी सोनेरी धार.

सिद्रा म्हणजे सफरचंदाच्या रसाची सायडर. आपल्याकडे सायडर म्हटलं की गोडसर, फसफसणारी, बिअरसारख्या बाटलीतली चीज डोळ्यासमोर येते. ती मनात धरून उत्तर स्पेनमध्ये गेलात तर पहिला घोट पचनी पडणार नाही. इथली नैसर्गिक सिद्रा गढूळ असते, कोरडी असते, चांगलीच आंबट असते. वरून साखर नाही, वरून गॅस नाही, गाळणंही नाही. मद्यार्क साधारण ५ ते ६ टक्के. बाटलीतून सरळ ग्लासात ओतली तर ती निपचित लागते. तिला जाग येते ती उंचावरून पडल्यावर, आणि हे एकदा ध्यानात आलं की आस्तुरियासमधल्या बाकीच्या रीतीभाती आपोआप उलगडतात.

किण्वनात तयार झालेला थोडा कार्बन डायऑक्साइड सिद्रेत विरघळून राहिलेला असतो. धार ग्लासच्या आतल्या भिंतीवर आपटते तेव्हा तो एकदम सुटतो, बारीक फेस येतो आणि त्याच्याबरोबर सुगंध वर येतो. हा खेळ काही सेकंदांचा. फेस विरला की तीच सिद्रा परत जड लागते. म्हणून ग्लासात फक्त तळाशी दोन-तीन बोटं ओततात. या एका ओतीला कुलेते म्हणतात आणि ती एका दमात प्यायची असते. ७० सेंटिलिटरच्या बाटलीत अशा साधारण ६ ओती होतात. ग्लास समोर ठेवून गप्पा मारत चुसक्या घेणं हा इथे सिद्रेवर अन्याय समजला जातो, आणि आमच्या मते तो खरोखरच अन्याय आहे.

ओतण्याला एस्कान्सियार म्हणतात. बाटली खालच्या भागात धरायची, करंगळी बुडाखाली. हात सरळ वर, कोपर ताठ. ग्लास अंगठा आणि तर्जनीत, मधलं बोट ग्लासच्या बुडाखाली. हा हात खाली सरळ सोडलेला आणि शरीराच्या मधोमध. ग्लास इतका तिरका, की धार तळाशी न पडता वरच्या काठाच्या आतल्या बाजूवर आपटेल. धार तळाशी पडली की मोठे बुडबुडे येतात आणि लगेच फुटतात. भिंतीवर पडली की दुधासारखा बारीक फेस येतो. नवशिक्याची चूक जवळजवळ ठरलेली: तो बाटली एकदम तिरकी करतो, जाड धार सुटते आणि बूट भिजतात. बाटली हळूहळू कलवायची, सुतासारखी धार सुरू होऊ द्यायची आणि बाटली न हलवता ग्लास धारेखाली आणायचा. शिकायचं असेल तर रिकाम्या बाटलीत पाणी भरा, मोरीत उभे राहा आणि हातभर अंतरापासून सुरुवात करा. इथलेही पाण्यावरच हात बसवतात.

ग्लासही साधा नाही. साधारण १२ सेंटिमीटर उंच, तोंडाशी रुंद, खाली निमुळता आणि फार पातळ काचेचा. जाड काचेवर धार आपटली तर फेस नीट उठत नाही, आवाजही बद्द येतो. जाणकार तो आवाज ऐकतात.

चिग्रे, म्हणजे इथली सिद्रेची पारंपरिक खानावळ, इथे काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. सिद्रा ग्लासावर मिळत नाही, अख्खी बाटली घ्यावी लागते. किंमत साधारण ३ ते ४ युरो. एकट्याने गेलात तर बाटली एकट्यालाच संपवायची आहे हे लक्षात ठेवून जेवण मागवा आणि गाडीची किल्ली खोलीवर ठेवा. बाटली टेबलावर येते, पण ती आपण ओतायची नसते. ओतणारा फिरत असतो, त्याच्याकडे नजर टाकली की येतो. बूच काढण्याआधी तो बाटली उलटीसुलटी करून हलवतो. तळाशी बसलेला गाळ सगळ्या ओतींमध्ये सारखा मिसळावा म्हणून ते करतात, नाहीतर पहिली ओत पातळ आणि शेवटची चिखल. प्यायल्यावर ग्लासात थेंबभर उरवून, ज्या काठाला ओठ लावले तिथूनच ते खाली ओतून टाकायचं. एकाच ग्लासातून सगळे पीत त्या काळातली ही काठ धुण्याची पद्धत. आता बहुतेक ठिकाणी प्रत्येकाला वेगळा ग्लास मिळतो, पण ही सवय गेलेली नाही, आणि त्यासाठी बऱ्याच ठिकाणी जमिनीत पन्हाळी किंवा टेबलाशेजारी बादली असते. चपला घालून जाऊ नका.

सिद्रा चांगली की वाईट हे ओळखायला तीन गोष्टी पाहायच्या. फेस झरकन विरायला हवा. रेंगाळला तर काहीतरी बिघडलंय. पिऊन झाल्यावर ग्लासच्या आत पातळ पडदा चिकटून राहायला हवा. आणि नाकाला सफरचंद आधी, व्हिनेगर नंतर यायला हवं. थोडासा व्हिनेगरचा सूर इथे दोष नाही, वाइनमध्ये चालणार नाही इतका तो इथे चालतो. पण घशाला टोचायला लागला की बाटली परत करा, कोणी वाकडं तोंड करत नाही. दुसरा दोष पाहण्यासारखा असतो: धार तेलासारखी बिनआवाज पडते, तार धरते. काही लॅक्टिक जीवाणू साखरेपासून चिकट पदार्थ तयार करतात, त्यामुळे हे होतं. प्यायला अपाय नाही, पण फेस येतच नाही, त्यामुळे मजा शून्य.

ओव्हिएदोहून इन्फिएस्तोकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी नाव्हाला थांबते. नाव्हामध्ये १९९६ पासून सिद्रेचं संग्रहालय आहे आणि जुलैमध्ये सिद्रेचा उत्सव भरतो. वेळ कमी असेल तर संग्रहालयापेक्षा एखादा यागार बघा. यागार म्हणजे जिथे सफरचंद पिळतात आणि सिद्रा मुरवतात ती जागा. व्हियाव्हिसिओसाच्या खाडीभोवती असे पुष्कळ आहेत. फोन करून वेळ ठरवावी लागते. जायचा खरा मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा अंगणात सफरचंदांचे ढीग असतात, आणि ही सफरचंदं दिसायला अगदी सामान्य: लहान, खरबरीत, डागाळलेली. राशाओ, रेगोना, दे ला रिएगा, दुरोना दे त्रेसाली ही त्यांतली काही नावं. एक चावून बघा. तोंड आवळून येतं. त्यातली आंबट आम्ल आणि तुरट टॅनिनच सिद्रेला कणा देतात. खायच्या गोड सफरचंदांची सिद्रा पाणचट होते आणि लवकर बिघडते. म्हणून मिश्रणात आंबट जातींचा वाटा मोठा, गोड आणि कडू जाती बेताने.

सफरचंदं धुऊन चेचतात. जुन्या लाकडी दाबयंत्रात हा लगदा दोन ते चार दिवस राहतो. मधूनमधून दाब सैल करून ढेप कापायची, उलथायची आणि पुन्हा दाबायची. घाई केली तर रस कमी निघतो आणि सालीतला सुगंध उतरत नाही. फार रेंगाळलं, विशेषतः ऊबदार हवेत, तर लगदा दाबयंत्रातच आंबायला लागतो. साधारण किलोभर सफरचंदांमागे एक बाटली सिद्रा असा हिशेब धरायला हरकत नाही. रस चेस्टनटच्या लाकडाच्या किंवा स्टीलच्या मोठ्या पिंपांत जातो आणि पारंपरिक ठिकाणी बाहेरचं यीस्ट घालत नाहीत, सफरचंदाच्या सालीवरचं आणि यागारातलं यीस्टच काम करतं. त्यामागून लॅक्टिक जीवाणू धारदार मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. हा टप्पा अर्धवट राहिला तर सिद्रा दात आंबवते.

हिवाळ्यात सिद्रा एका पिंपातून दुसऱ्यात काढून खालचा गाळ मागे ठेवतात. हे काम उतरत्या चंद्राच्या दिवसांत, थंड आणि निरभ्र हवेत करायचा प्रघात आहे. चंद्राचं सोडा, पण निरभ्र हवेचं कारण पक्कं आहे: हवेचा दाब जास्त असला की विरघळलेला गॅस आत राहतो आणि गाळ वर उसळत नाही. वादळी हवेत दाब उतरतो, पिंप खदखदतं आणि गढूळ सिद्रा पुढच्या पिंपात जाते.

व्हियाव्हिसिओसातच एल गाइतेरो ही १८९० पासूनची कंपनी आहे. तिची गोडसर, फेसाळ सिद्रा स्थलांतरितांच्या मागोमाग लॅटिन अमेरिकेत पोहोचली. ती उंचावरून ओतायची नसते, थंड करून शॅम्पेनसारखी प्यायची. लेबलं वाचताना हा फरक पाहा. ‘नॅचरल’ लिहिलं असेल तर उंचावरून. ‘नवी धाटणी’ अशा अर्थाचे शब्द असतील तर ती गाळलेली, पारदर्शक सिद्रा, वाइनच्या ग्लासात जेवणाबरोबर. बर्फाची सिद्रा, म्हणजे गोठवलेल्या रसापासून केलेली, गोड आणि दाट, जेवणानंतर छोट्या ग्लासात. सारिएगोच्या वालवेरान या यागाराची यातली नामांकित आहे. शरद ऋतूत गेलात तर दाबयंत्रातून थेट आलेला न आंबलेला गोड रस भाजलेल्या चेस्टनटबरोबर मिळतो, तो मुलांनाही चालतो. बाटलीवर ‘सिद्रा दे आस्तुरियास’चा संरक्षित नामाचा शिक्का असेल तर सफरचंदं आस्तुरियासचीच असतात. शिक्का नसला तर सिद्रा वाईट असं नाही, पण सफरचंद बाहेरचं असू शकतं. इथल्या झाडांना एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष तुटपुंजं पीक येतं, आणि तुटीच्या वर्षी बाहेरून आणण्याचा मोह होतोच.

हिहोन या समुद्रकाठच्या शहराच्या धक्क्यावर ३,२०० रिकाम्या हिरव्या बाटल्यांचं झाड उभं आहे, ते संध्याकाळी उजेडात पाहावं. ऑगस्टच्या अखेरीस इथे सिद्रेचा उत्सव असतो आणि हजारो लोक समुद्रकिनाऱ्यावर एकाच वेळी ओततात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने आस्तुरियासच्या सिद्रा संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

बरोबर खायला काब्रालेस. पिकोस दे एउरोपा डोंगरांतल्या गुहांमध्ये मुरवलेलं हे निळ्या बुरशीचं चीज इतकं उग्र, की त्याच्यासमोर फक्त आंबट सिद्राच टिकते. शाकाहारी मंडळींनी काब्रालेसच्या सॉसमधले बटाटे, मक्याच्या पिठाचे तळलेले तोर्तो आणि बटाट्याचं ऑम्लेट यावर भिस्त ठेवावी. फाबादा, म्हणजे इथली घेवड्याच्या दाण्यांची आमटी, दिसायला राजम्यासारखी, पण तिच्यात डुकराचं मांस असतं.

तिथून पूर्वेला, बास्क प्रांतात, सगळं बदलतं. ओव्हिएदोहून बसने बिल्बाओ, तिथून सान सेबास्तियान आणि मग जेमतेम सहा-सात किलोमीटरवर आस्तिगारागा. इथे सिद्रेला सागारदोआ म्हणतात आणि ओतणारा वेटर नसतो. जानेवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत सिद्राघरं, म्हणजे सागारदोतेगी, थेट पिंपातून पाजतात. कोणीतरी ‘च्योच!’ अशी हाळी देतं, सगळे जेवण सोडून उठतात आणि थंड तळघरात रांग लावतात. पिंपाची बारीक तोटी उघडली की धार आडवी झेप घेते. ग्लास तिरका धरून ती जितक्या लांबून झेलाल तितकी बरी, कारण इथेही भिंतीवर आपटण्याचंच महत्त्व आहे. दोन बोटं भरली की ग्लास धारेतूनच वर सरकवत बाजूला व्हायचं, त्याच क्षणी मागचा आपला ग्लास खाली लावतो आणि थेंब जमिनीवर पडत नाही. ग्लास भरभरून घेणारा पाहुणा लगेच ओळखू येतो.

ही पद्धत विक्रीतून आली. गिऱ्हाईक येऊन पिंपं चाखायचं आणि कुठल्या पिंपातली सिद्रा बाटल्यांत भरायची ते ठरवायचं. आजही तेच करा: प्रत्येक पिंपाची चव लक्षात ठेवा. शेजारशेजारच्या दोन पिंपांतली एक हिरव्या सफरचंदासारखी चटकदार, दुसरी गोलसर आणि धुरकट निघते. जानेवारीत सिद्रा कोवळी आणि जास्त फसफसती असते, एप्रिलपर्यंत ती कोरडी आणि शांत होते. आम्हाला मार्चची आवडते.

जेवण ठरलेलं असतं: कॉड माशाचं ऑम्लेट, मिरच्यांबरोबर तळलेला कॉड, निखाऱ्यावर भाजलेली चुलेता आणि शेवटी इदियासाबाल चीज, क्विन्स फळाची वडी, अक्रोड. चुलेता हे गोमांस आहे. जे खात नाहीत त्यांनी जागा राखतानाच सांगावं, ऐन वेळी स्वयंपाकघरात दुसरं काही नसतं. शनिवार-रविवारची जागा कित्येक आठवडे आधी भरते. मंगळवार-बुधवारी सहज मिळते आणि पिंपांपाशी धक्काबुक्कीही नसते. लोकरीचं काहीतरी अंगावर ठेवा, तळघर गार असतं. परतीची बस किंवा टॅक्सी आधीच बघून ठेवा, कारण रात्री उशिरा आस्तिगारागातून बाहेर पडणं अवघड जातं.

घरी आणायची तर बाटली उभी ठेवा आणि थंड जागी. नैसर्गिक सिद्रेत जिवंत जीवाणू असतात. मुंबईच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवली तर व्हिनेगरकडे झुकते. फ्रिजमध्ये ठेवून काही महिन्यांत संपवा. ओतायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा: १० ते १३ अंशांना फेस चांगला येतो, फ्रिजमधून काढल्याकाढल्या येत नाही.