जमिनीची रेषा

वाइल आम राइन या जर्मन गावात मी त्या दिवशी वास्तुविशारद झाहा हदीद यांच्या दोन इमारतींचे सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल तशी रेखाटने, जागेवर उभे राहून काढायला गेलो होतो. सकाळ विट्रा कंपनीच्या आवारातील अग्निशमन केंद्रात गेली. १९९३ साली पूर्ण झालेले हे हदीद यांचे पहिले मोठे बांधकाम.

त्याआधी त्यांची ख्याती मुख्यतः चित्रांवर उभी होती. हाँगकाँगच्या ‘द पीक’ क्लबची स्पर्धा त्यांनी १९८३ साली जिंकली, पण क्लब बांधला गेला नाही. उरली ती चित्रे, ज्यांत डोंगर आणि इमारत सारख्याच धारदार तुकड्यांत फुटलेली दिसतात. चित्रकार मालेविच यांच्या सुप्रीमॅटिस्ट, म्हणजे साध्या भौमितिक आकारांच्या अमूर्त चित्रांतून घेतलेली ती दृष्टी होती, आणि एकाच वेळी अनेक बाजूंनी जागा पाहण्याचे ते साधन होते, सजावट नव्हे, असे माझे ठाम मत आहे. केंद्राच्या कलत्या भिंती आणि टोकदार छत पाहताना ते चित्रच काँक्रीटमध्ये ओतल्यासारखे वाटले. कडा झाकायला कुठे पट्टी नाही, आवरण नाही. म्हणजे शटरिंगमध्ये, काँक्रीट ओतण्याच्या साच्यात, झालेली चूक लपवायला जागाच नाही. एका कोपऱ्याचा कोन समजून घेण्यात माझा तासभर गेला, आणि तो तास मला आजही मोलाचा वाटतो. मात्र सेक्शन नेहमीच्या पद्धतीने निघाला: आधी जमिनीची सरळ रेषा, मग तिच्यावर भिंती.

दुपारी त्याच गावातील, १९९९ च्या उद्यान प्रदर्शनासाठी बांधलेल्या ‘एलएफ वन’ या मंडपाकडे गेलो आणि सवयीने पुन्हा जमिनीची रेषा ओढली. ती चुकली. बागेतली एक वाट इमारतीच्या कुशीला लागून जाते, दुसरी तिच्या पाठीवर चढते, आणि काही भाग जमिनीत रुतलेला असल्याने माझी रेषा कधी भिंत होत होती, कधी छप्पर. तीन वेळा मी कागद बदलला.

हदीद यांच्या रेषेतील धार संगणकामुळे गेली, असे आम्ही वास्तुविशारद सहज म्हणतो. अझरबैजानमधील बाकू येथील २०१२ च्या हैदर अलियेव केंद्राचे वळणदार कवच संगणकाशिवाय आखता आले नसते, हे खरेच. पण त्या मंडपापाशी मला दिसले की रेषा त्याआधीच, जमिनीच्या उताराशी जुळवून घेताना वळू लागली होती.

चौथ्या कागदावर मी आधी वाट काढली.