लंडनची चीझ टूर आणि रेनेटचा प्रश्न

लंडनमध्ये चीझ चाखायची टूर बुक करायला मला पाच मिनिटं लागली. त्यातलं कुठलं चीझ आईला चालेल हे कळायला १८ दिवस गेले, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

आई साताऱ्याहून दोन महिने राहायला आली होती. दुधातुपाची तिला भारी आवड, म्हणून बरो मार्केटमधली टूर घेतली. अडीच तास, सहा चीझ. फॉर्मवर ‘व्हेजिटेरियन’पुढे खूण केली. रात्री आई म्हणाली, “अगं, हिरवा ठिपका असतो ना त्यावर?” आणि मी गप्प झाले.

बऱ्याच पारंपरिक चीझमध्ये दूध घट्ट करायला रेनेट घालतात. ते दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून, वासरू कापल्यावर मिळतं. हे विरजण नव्हे. विरजण वेगळं घालतात, रेनेट वेगळं. बुरशीपासून केलेलं शाकाहारी रेनेटही असतं, पण चकतीकडे बघून दोन्हींतला फरक कळत नाही.

टूरवाल्यांना ईमेल केली. उत्तर आलं, “काळजी नको, टूरमध्ये मांस नसतं.” मी रेनेटबद्दल पुन्हा विचारलं. चार दिवसांनी: “आमच्याकडे शाकाहारी पाहुणे नेहमी येतात.” तिसऱ्यांदा सहाही चीझची नावं मागितली, तर म्हणे त्या दिवशी जे मिळेल ते. फोन केला, तर पलीकडच्या मुलाने दुधाची ॲलर्जी आहे का विचारलं. ॲलर्जी नाही हो, माझ्या आईने आयुष्यात मांस खाल्लेलं नाही! तिच्या तोंडात नकळत काही जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. मी तिकिटं रद्द करायला निघाले, तर मुदत आदल्याच दिवशी संपलेली. तो आठवडा माझा फार वाईट गेला.

टूरच्या सकाळी गाइडला बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारला. तिने खिशातून यादी काढली. सहांपैकी तीन चालणारी, तीन नाहीत. दोन मिनिटांत! म्हणजे माहिती होती, ऑफिसात कुणी तिला विचारलंच नव्हतं.

तेव्हा नुसत्या खुणेवर राहू नका. “प्रत्येक चीझचं रेनेट कुठलं?” असंच विचारा, आणि प्रश्न गाइडपर्यंत पोचवा म्हणून धरून बसा. दुकानातल्या पाटीवर ‘ट्रॅडिशनल रेनेट’ दिसलं तर ते प्राण्याचं. नावावरही जाऊ नका, कारण स्टिल्टन हे निळ्या बुरशीचं इंग्लिश चीझ दोन्ही प्रकारच्या रेनेटने बनतं. पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीझ मात्र नियमानेच वासराच्या रेनेटचं, त्यामुळे पास्त्यावर भुरभुरलेलं असेल तरी विचारा.

चाखणं मस्त झालं. आधी ताजं बकरीच्या दुधाचं, मग कठीण, शेवटी निळ्या बुरशीचं, म्हणजे जीभ आधीच थकत नाही. आईला आवडलं ते कॉर्निश यार्ग, नेटलच्या पानांत गुंडाळलेलं. नेटल म्हणजे हात लावला की आग होणारी वनस्पती. गाइडला वाटलं आई बिचकेल. आई म्हणाली, “अळूसुद्धा घशाला खाजतंच की, नीट केलं की खातोच आपण.” मी भाषांतर करून सांगितलं, तर गाइडने ते वहीत लिहून घेतलं. मला आईचा इतका अभिमान वाटला!

स्वेटर न्या, चीझची दुकानं थंडगार ठेवलेली असतात. भरपेट जेवून जाऊ नका. आणि हो, बरो मार्केट सोमवारी बंद असतं.

यार्गचा तुकडा घरी आणला होता. रात्री आईने तो भाकरी आणि लसणीच्या चटणीबरोबर संपवला. सालासकट.