दारावरचा डोळा आणि त्याला लावलेली झापडे

आमच्या आईला गुडघ्यांच्या दुखण्यामुळे खुर्चीतून उठून दारापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात बेल वाजवणारा माणूस बहुधा निघून गेलेला असतो, आणि दार उघडल्यावर तिला रिकामा पॅसेज दिसतो. दिवसातून दोन-तीनदा असे होऊ लागले तेव्हा आम्ही व्हिडिओ डोअरबेल बसवायचे ठरवले. खुर्चीत बसूनच तिला बाहेरचा माणूस दिसावा आणि "थांबा, येते आहे" एवढे त्याला सांगता यावे, ही खरी गरज होती. सुरक्षेचा विचार मनात होता, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. हा क्रम आधी ठरवला असता, तर पुढचे काही आठवडे थोडे सोपे गेले असते.

सुरुवात विजेपासून करावी लागते, कारण या कामात खरा धोका फक्त तेथे आहे. काही देशांत घरातली बेल लहान ट्रान्सफॉर्मरवर चालते आणि बटणापर्यंत १६ ते २४ व्होल्टचाच प्रवाह येतो. वायरने जोडायच्या अनेक स्मार्ट डोअरबेल याच दाबासाठी बनवलेल्या असतात. इतर अनेक ठिकाणी मात्र बेलच्या बटणापर्यंत घरातला २३० व्होल्टचा प्रवाह थेट आलेला असतो. भिंतीतून बाहेर आलेल्या दोन वायरी दोन्हीकडे सारख्याच दिसतात, आणि २४ व्होल्टचे यंत्र २३० व्होल्टवर जोडले तर ते जळतेच, शिवाय जोडणाऱ्याच्या जिवाशी गाठ पडते. मी जुन्या बटणाचे झाकण काढून टेस्टर लावला, त्यातला दिवा लख्ख पेटला आणि आमचा प्रकार दुसरा असल्याचे कळले. ट्रान्सफॉर्मर बसवण्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलावणे हा एक मार्ग होता. मी बॅटरीवर चालणारे यंत्र घेतले आणि जुन्या बटणाचे झाकण पुन्हा लावून टाकले.

बॅटरीच्या यंत्राचा स्वभाव मात्र समजून घ्यावा लागतो. वीज वाचवण्यासाठी ते बहुतेक वेळ झोपलेले असते आणि जागा असतो तो फक्त उष्णतेतला बदल ओळखणारा एक छोटा सेन्सर. समोरून कोणी गेले की तो कॅमेऱ्याला उठवतो, कॅमेरा सुरू होतो, वाय-फायशी जोडणी होते आणि मग चित्रण सुरू होते. या सगळ्यात एखाद-दोन सेकंद जातात आणि झपाझप चालणाऱ्या माणसाची फक्त पाठ हाती लागते. वायरवरची यंत्रे सतत जागी राहू शकत असल्यामुळे घटनेच्या आधीचे काही क्षणही जपून ठेवतात. आईसाठी हा फरक बिनमहत्त्वाचा होता, कारण बेल दाबणारा माणूस दारासमोर उभाच असतो. ज्यांना येणाऱ्या-जाणाऱ्याचा पुरावा हवा आहे, त्यांनी मात्र बॅटरीच्या मोहात पडू नये.

हा सेन्सर आपल्या नजरेच्या वेगवेगळ्या पट्ट्यांमधल्या उष्णतेची तुलना करत असतो. त्यामुळे आडवा जाणारा माणूस त्याला चटकन जाणवतो आणि सरळ त्याच्याच दिशेने येणारा उशिरा. आमचा पॅसेज दारासमोरून आडवा जातो, म्हणजे सेन्सरच्या दृष्टीने ही आदर्श जागा आणि आमच्या दृष्टीने तीच डोकेदुखी. पण त्याकडे नंतर येतो.

भिंतीला भोक पाडण्यापूर्वी यंत्र दोन दिवस दुहेरी चिकटपट्टीने लावून पाहिले, ही माझ्या हातून झालेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. कॅमेरा माणसाच्या तोंडासमोर असावा असे आपल्याला स्वाभाविकपणे वाटते, म्हणून मी तो सुमारे दीड मीटर उंचीवर चिकटवला. तेथून उंच माणसांचे चेहरे उत्तम दिसले, शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीची फक्त वेणी दिसली आणि दाराशी ठेवलेले पार्सल तर दिसेचना. सोबतच्या पुस्तिकेत १.२ मीटरची उंची सुचवली होती, ती मला आधी हास्यास्पद वाटली होती. पण भिंग इतक्या रुंद कोनाचे असते की छातीच्या उंचीवरूनही चेहरा नीट चौकटीत येतो आणि पायाजवळची जमीनही दिसते. उभ्या चौकटीचे चित्र देणारे मॉडेल असेल तर आणखी चांगले, कारण दारातला माणूस हा उभाच विषय असतो. आडव्या चित्रात दोन्ही बाजूंच्या भिंती तेवढ्या मुबलक मिळतात.

उंचीचा हा प्रश्न स्मार्ट डोअरबेलहून बराच जुना आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये घराच्या दारासाठी कॅमेरा-यंत्रणेच्या पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते पेटंट मिळाले. त्यांच्या रचनेत दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे होती आणि कॅमेरा वर-खाली सरकून हव्या त्या छिद्रातून पाहू शकत असे. आतल्या खोलीतल्या पडद्यावर बाहेरचा माणूस दिसे, त्याच्याशी बोलता येई आणि बटण दाबून दूरवरून दारही उघडता येई. आज एका रुंद भिंगाने भागते ते काम तेव्हा चार छिद्रांनी करावे लागत होते. आईची गरज मात्र जवळपास तीच आहे.

रात्रीचा प्रश्न वेगळा निघाला. अंधारात हे यंत्र डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकते आणि त्याच्या परावर्तनावर चित्र घेते. आमची चौकट भिंतीच्या थोडी आत असल्यामुळे बाजूची पांढरी भिंत भिंगाच्या अगदी जवळ येत होती. तिच्यावरून उसळलेल्या प्रकाशाने अर्धे चित्र पांढरेफटक पडायचे आणि कॅमेऱ्याने त्याला जुळवून घेतले की समोरचा चेहरा काळवंडायचा. पाचरीच्या आकाराचा एक प्लास्टिकचा तुकडा खाली बसवून यंत्र सुमारे १५ अंश पॅसेजकडे वळवले आणि ही अडचण संपली. मगच ड्रिल हातात घेतले. ते काम दहा मिनिटांचे होते आणि त्यात सांगण्यासारखे काही नाही.

वाय-फायने मात्र एक पूर्ण संध्याकाळ खाल्ली. या प्रकारची बरीच यंत्रे फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चालतात, आणि भिंती ओलांडून जाण्यासाठी तो पट्टा बराही पडतो. आमचा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवत होता. फोन ५ वर जोडलेला, बेल २.४ वर शोध घेणारी, आणि दोघांची गाठ पडेना. चौथ्या प्रयत्नानंतर मी राउटरवर पाहुण्यांसाठी असलेले वेगळे नेटवर्क सुरू केले, ते फक्त २.४ वर ठेवले आणि बेल त्यावर जोडली. याचा आणखी एक फायदा असा की, दाराबाहेर लटकणारे हे यंत्र आता घरातल्या संगणकांच्या नेटवर्कपासून अलग राहिले.

जोडणी झाली तरी चित्र अडखळत होते. अ‍ॅपमधल्या सिग्नलच्या नोंदीत उणे ७२ डीबीएम हा आकडा दिसला. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला, आणि दर ३ डीबीच्या घसरणीला शक्ती निम्मी होते. राउटर आतल्या खोलीतून दिवाणखान्यात आणल्यावर तो उणे ५८ वर आला आणि अडखळणे थांबले. इंटरनेटचा वेग तपासताना आपण सवयीने डाउनलोडचा आकडा पाहतो. येथे चित्र घरातून बाहेर जाते, त्यामुळे अपलोडचा वेग महत्त्वाचा. अनेक मॉडेलांत तुम्ही घरात बसून पाहत असलात तरी चित्र आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि मग फोनवर परत येते. दार आणि खुर्ची यांच्यातले अंतर आठ पावलांचे, पण चित्राचा प्रवास कुठून कुठे होतो याची कल्पना केली की गंमत वाटते. इंटरनेट बंद पडले तर अशी बेल मुकी होते, म्हणून आत प्लगमध्ये लावायची, मूळ यंत्राशी थेट बोलणारी वेगळी घंटा मी घेतली. केवळ फोनवर वाजणाऱ्या बेलला मी बेल मानायला तयार नाही. आईचा फोन बहुतेक वेळ दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो.

आता त्या आडव्या पॅसेजकडे येतो. पहिल्या दिवशी माझ्या फोनवर ८७ सूचना आल्या. त्यांतल्या तीन आमच्याकडे आलेल्या माणसांच्या होत्या. बाकीच्या शेजाऱ्यांच्या येण्या-जाण्याच्या, सफाई करणाऱ्या ताईंच्या आणि एका मांजराच्या. दर सूचनेगणिक कॅमेरा जागा होत असल्यामुळे काही महिने पुरेल असे सांगितलेली बॅटरी तीन आठवड्यांत उतरली. पण मला बॅटरीपेक्षा दुसरीच गोष्ट अधिक टोचली. समोरच्या काकू किती वाजता बाहेर पडतात आणि त्यांच्याकडे कोण येते, हे मला एका दिवसात, न विचारता, कळले होते. त्यांचे दार उघडले की त्यांच्या दिवाणखान्याचा एक कोपराही आमच्या चित्रात यायचा.

त्यामुळे बसवण्याचे काम अर्ध्या दिवसात झाले आणि त्याने काय पाहू नये हे ठरवायला दोन आठवडे लागले. हालचालीचा पट्टा मी आमच्या पायपुसणीपुरता आवळला, संवेदनशीलता कमी केली आणि फक्त माणूस ओळखला तरच सूचना द्यावी असे ठरवले. त्यानंतर चित्राचा काही भाग कायमचा काळा करण्याची सोय वापरून काकूंचे दार झाकले. घोड्याला झापडे लावतात तसाच हा प्रकार. मग फोन घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि कॅमेऱ्याला काय दिसते ते दाखवले. त्यांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिले आणि विचारले, "दिसत नाही ते ठीक आहे, पण ऐकू येतं का?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. चित्राला झापडे लावता येतात, पण ध्वनिमुद्रण त्या काळ्या पट्टीला जुमानत नाही, आणि पॅसेजमधला आवाज कॅमेऱ्याच्या नजरेपलीकडूनही येतो. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टाने २०२१ मध्ये शेजाऱ्यांच्या अशाच एका वादात निकाल देताना, लांबवरचे संभाषण टिपणारे ध्वनिमुद्रण हे घराच्या रक्षणासाठी गरजेपेक्षा जास्त असल्याचे म्हटले होते. मी त्याच संध्याकाळी ध्वनिमुद्रण बंद केले. बेल वाजल्यावर आईला बोलता येते, तेवढे पुरे आहे.

शेजाऱ्यांचा प्रश्न सुटला, तरी आपल्या स्वतःच्या दाराचे चित्र कोण पाहते हा प्रश्न उरतोच. अ‍ॅमेझॉनने २०१८ मध्ये विकत घेतलेल्या रिंग या डोअरबेल बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये असा आरोप ठेवला की, कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ पाहता येत होते. ते प्रकरण ५८ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले. यावर उपाय म्हणजे फक्त आपल्याच फोनवर उलगडणारे कूटबद्ध चित्रण. काही कंपन्या ते देतात, पण ते सुरू केले की सर्व्हरवर चालणाऱ्या काही सोयी बंद पडू शकतात. दुसरा मार्ग घरातच साठवण करण्याचा. त्यात एक मेख आहे: मेमरी कार्ड बाहेरच्या यंत्रातच असेल तर चोर यंत्रासोबत पुरावाही घेऊन जातो. म्हणून मी साठवण आत ठेवलेल्या छोट्या पेटीत होईल असे मॉडेल निवडले आणि सात दिवसांनंतर चित्रण आपोआप पुसले जाईल असे ठरवले. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली आणि एकच पासवर्ड सगळ्यांना वाटण्याऐवजी बहिणीला वेगळा प्रवेश दिला.

आता दिवसाला आठ-दहा सूचना येतात. घंटा वाजली की आई शेजारी ठेवलेल्या टॅब्लेटकडे पाहते, "थांबा" म्हणते आणि सावकाश उठते. एकच घोटाळा अजून मिटलेला नाही. नव्या बेलच्या वर हातभर अंतरावर जुने पांढरे बटण तसेच आहे, त्याची वायर मी तोडलेली नाही, आणि नेहमीची माणसे सवयीने तेच दाबतात. आत जुनी घंटा घणघणते, टॅब्लेट मात्र काळाच राहतो, आणि आई तेथूनच ओरडून विचारते, "कोण आहे?"